पंख्याखालची परीक्षा

३ जानेवारी

झालं एकदाचं. आमच्या कारखान्यात यापुढे पोमेड बनणार नाही. केस चापून चोपून बसवायचं हे मेणकट मलम. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच्यावर हे घर उभं केलं. आणि माझ्या लेकीने चहाचा कप हातात धरून, पाय हलवत हलवत ते बंद करून टाकलं. म्हणाली, "बाबा, कोण लावतंय आता? लावणाऱ्यांतले निम्मे टकले झाले, उरलेले वर गेले."

मी म्हटलं, केस नीट बसवणारा सभ्य माणूस जगात कायम राहणार. ती म्हणाली, "दाखवा एक." मी स्वतःकडे बोट दाखवलं. ही स्वयंपाकघरातून हसली. मी गंभीर बोलायला लागलो की हिला हसू का येतं, हे मला लग्नापासून कळलेलं नाही.

दुकानदारांनी परत पाठवलेले खोके जिन्याखाली रचून ठेवलेत, ते माझ्या खांद्यापर्यंत आलेत. ते मलाही दिसतं, मी काही आंधळा नाही. प्रश्न खोक्यांचा नाहीच. प्रश्न दादांचा आहे. त्यांना कळलं की पोमेड बंद झालं, तर ते हाय खातील आणि आम्हाला सोडून जातील. तेव्हा त्यांच्यासमोर कुणीही अवाक्षर काढायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावलंय.

ही म्हणाली, "अहो, त्यांना एकदा विचारून तरी बघा."

काय विचारू? 'दादा, तुमच्या गळ्यावर सुरी फिरवू का?' असं विचारू? काहीतरीच.

५ जानेवारी

पंख्याची परीक्षा लोकांना सांगितली की लोक हसतात. म्हणून इथेच लिहितो.

दादांचा नियम असा की कढईतून नवा घाणा उतरला, की पहिली डबी त्यांच्याकडे. अंगठ्याच्या नखाने ते चिमूटभर काढणार, तळहातांवर घासून पातळ करणार, केसांना लावून भांग पाडणार. मग खुर्ची पंख्याच्या बरोबर खाली आणि पंखा फुल्ल. चहा संपेपर्यंत बसायचं. एक केस जरी हलला तरी अख्खा घाणा परत कढईत. नाही हलला तर दादा मान डोलावणार आणि मगच डब्यांना झाकणं लागणार. मी लहान असताना एकदा त्या वाऱ्याने भिंतीवरचं कॅलेंडर पडलं होतं, टेबलावरची बिलं घरभर झाली होती, पण दादांच्या डोक्यावर हालचाल म्हणून नाही.

आता घाणे कधीमधीच निघायचे, तरी मी रोज सकाळी डबी घेऊन वरच्या मजल्यावर त्यांच्या खोलीत जातो. एकाच घाण्यातल्या डब्या असतात, पण ते त्यांना कशाला सांगायचं? त्यांच्या डोक्यावर कानामागे थोडे आणि पुढे एक झुपका एवढेच केस राहिलेत, पण आहेत ते शिस्तीत आहेत. दादांचा दिवसच त्याने सुरू होतो.

आज मला दारात बघून ते म्हणाले, "आजही?"

केवढी उत्सुकता! मी म्हटलं, "आजही, दादा! मी असेपर्यंत रोज!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

९ जानेवारी

लेकीने सल्लागार आणलाय. केसांच्या उत्पादनांतला म्हणे मोठा जाणकार. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नाही. मी तिला बाजूला घेऊन तसं म्हणालो, तर म्हणते, "बाबा, तो मुद्दाम काढतो ते." मुद्दाम! ज्यांना देवाने दिलंय ते असे.

सल्लागाराने आम्हाला तासभर शिकवलं. सार असं की आजच्या पुरुषाला डोक्याला काहीतरी लावायचंय, पण लावल्यासारखं दिसायला नकोय.

"मग काहीच लावू नये," मी म्हटलं.

"तसं चालत नाही, काका. काहीच लावलं नाही, तर काही न लावल्यासारखं दिसत नाही."

मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्याने पुन्हा सांगितलं. लेक ते लिहून घेत होती.

तर नवीन माल असा: चमक नको, वास नको, चिकटपणा नको, मेण नावापुरतं, आणि पांढरट माती भरपूर. लावल्यावर माणूस आत्ताच अंथरुणातून उठल्यासारखा दिसला पाहिजे. आमच्या काळी तसं दिसायला लागलं की आई हाताला धरून न्हाणीघरात न्यायची. आणि सगळ्यांत कहर म्हणजे, सल्लागार म्हणाला, "केस हलले पाहिजेत. वाऱ्यावर मोकळे हलले पाहिजेत." मला पाणी प्यावं लागलं.

१४ जानेवारी

कारखान्यातल्या कढया मातीच्या कामाला लागल्या. दादांच्या रोजच्या डबीसाठी मी आता घरीच, स्वयंपाकघरात, छोटासा घाणा काढतो. मेण, एरंडेल, पेट्रोलियम जेली, शेवटी थोडं अत्तर. ओतल्यावर डबीला धक्का लावायचा नाही, नाहीतर मधोमध खळगा पडतो.

हिने मी कोणतं पातेलं घेतलंय ते पाहिलं आणि आरडाओरडा केला. दुधाचं होतं म्हणे. मी तीनदा घासून दिलंय. बायकांना नाक जरा जास्तच असतं.

२० जानेवारी

आज कारखान्यात वीस-पंचवीस तरुण मुलांना बोलावलं होतं. त्यांना जुना आणि नवा, दोन्ही माल दाखवून मत विचारायचं, ही सल्लागाराची कल्पना. मी इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतः भांग पाडून, पहिल्या रांगेत बसलो.

आणि काय सांगू! जुन्या पोमेडची डबी बघून पोरं अक्षरशः वेडी झाली. "काय भारी आहे!" "कसली ग्रेट आहे!" एकाने डबी हुंगून डोळे मिटले आणि म्हणाला, त्याच्या आजोबांच्या कपाटाला असाच वास यायचा. माझी छाती फुगली. मी लेकीकडे बघितलं. बघ म्हटलं, कोण लावतंय विचारत होतीस ना?

मग पोरांनी रांगेत उभं राहून विचारलं, डबी रिकामी मिळेल का. आतलं नको. डबीत कानात घालायची ती यंत्रं छान राहतात म्हणे. ज्याला वास आवडला होता तो म्हणाला, "याची मेणबत्ती काढा ना. डोक्याला कोण लावणार हे?"

सल्लागार भलताच खूश झाला. जिन्याखालचे खोके आता उघडले जातायत. कामगार चमच्याने पोमेड कोरून बादलीत टाकतात आणि डबी धुऊन नव्या मालाबरोबर भेट म्हणून देतात. बादलीतलं बिजागऱ्यांना आणि शटरच्या पट्ट्यांना लावलं. कारखान्याचं शटर इतकी वर्षं कर्कश ओरडायचं, ते आता लोण्यासारखं उघडतं. काहीही म्हणा, माल पहिल्या प्रतीचा होता.

२७ जानेवारी

मोठं संकट. दादांच्या खोलीतला पंखा बंद पडला. मी डबी घेऊन गेलो तर पंखा ढिम्म. दादा म्हणाले, "राहू दे रे. घाई नाही." आवाज इतका शांत की मला धस्स झालं. फार दुःख झालं की माणूस असाच शांत होतो.

मी तसाच बाजारात धावलो. इलेक्ट्रिशियनला जेवणावरून उठवून आणलं. तो म्हणाला, नुसता कंडेन्सर गेलाय, बदलतो. मी म्हटलं, कंडेन्सर नको, पंखाच बदल, आणि चांगला मोठ्या पात्यांचा बसव. दुपारपर्यंत नवा पंखा लागला. हॉलमध्ये लावतात तसला आहे. चालू केला तर दादांच्या अंगावरची शाल उडून दाराला अडकली.

दादा बराच वेळ वर पंख्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, आभार कसले मानताय, मुलगाच आहे मी तुमचा.

२९ जानेवारी

दादांच्या बाथरूममधला साबण भराभर संपतोय, असं ही म्हणते. रोज भर दुपारी वरचा गिझरही लागलेला असतो. मला कामवालीचा संशय आहे. हिला तसं म्हणालो तर हिने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

४ फेब्रुवारी

दादांना सर्दी झाली. खोकला आणि तापही आहे. डॉक्टर येऊन गेले. डोक्याला वारा लागू देऊ नका म्हणाले. दादा लगेच म्हणाले, "डॉक्टर म्हणतात तसंच करू या." डॉक्टरांचा शब्द खाली पडण्याच्या आत! माझ्यासाठी किती मन मारतात बघा. 

मी ठरवलं, काही झालं तरी त्यांचा हिरमोड होऊ द्यायचा नाही. संध्याकाळी त्यांना मफलर गुंडाळला, पायांत मोजे, अंगावर दोन शाली, फक्त डोकं मोकळं. पंखा लावला. चहा निम्माच भरला, म्हणजे परीक्षा लवकर आटपेल. केस हलला नाही. दादांनी मान डोलावली आणि शिंकले.

ही वर आली ती पदर खोचूनच. "म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यात बसवता! लाज नाही वाटत?"

मी म्हटलं, तुला त्यांचं मन काय कळणार. मला कळतं. मी लहानपणापासून ओळखतो त्यांना.

ती पंखा बंद करून, बटणावर हात ठेवूनच उभी राहिली. दादा तिला म्हणाले, "सूनबाई, जाऊ दे. त्याला बरं वाटतं." औषध कुणाचं, बरं कुणाला वाटतं, काय बोलत होते कोण जाणे. तापात माणूस असा बरळतो.

११ फेब्रुवारी

दादांचा ताप उतरला. आणि नवा माल धो धो खपतोय. लेकीने त्याचं नाव 'सहज' ठेवलंय. डबी जुन्याच्या निम्मी आणि किंमत विचारू नका. माझ्या नेहमीच्या सलूनवाल्यालासुद्धा ठेवावा लागला. तो म्हणाला, "साहेब, आधी मी पोरांचे केस विंचरून द्यायचो, आता विस्कटून देतो. मेहनत तेवढीच आहे." मी बसलो होतो तेव्हा एक मुलगा आला, त्याचे केस घरूनच विस्कटलेले होते. सलूनवाल्याने ते नीट विंचरले, मग 'सहज' लावून पुन्हा तसेच केले. मुलगा आरशात बघून म्हणाला, "आता कसं!"

पण आजची खरी बातमी वेगळीच आहे. सल्लागाराला जाहिरातीची फिल्म काढायचीय. दादांवर. त्याला कुणीतरी, म्हणजे माझ्या कार्टीनेच, पंख्याची परीक्षा सांगितली. "वारसा!" तो ओरडलाच. "संस्थापक आजोबा, तीच खुर्ची, तोच पंखा, डोक्याला 'सहज', आणि केस वाऱ्यावर उडतायत!"

मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, दादांच्या डोक्यावर केस उडाले तर ते अख्खा माल परत कढईत टाकायला सांगतील. मग त्यांना कळेल की कढईत काय आहे. आणि मग जे होईल त्याला तुम्ही दोघं जबाबदार.

लेक म्हणाली, "बाबा, मग सांगून टाकू या ना आजोबांना. मी सांगते, हवं तर."

"तू सांगशील तर बाप मेला समज तुझा."

ती रडवेली झाली. पण फिल्म होणारच म्हणाली, कॅमेरेवाल्यांना शब्द दिलाय. होऊ दे. मीही काही कमी नाही. 'सहज'ची डबी रिकामी करून तिच्यात मी स्वयंपाकघरातलं पोमेड भरणार. केस हलणार नाहीत, फिल्म फसेल, धंद्याची शोभा होईल ती होऊ दे. दादा वाचले पाहिजेत.

१८ फेब्रुवारी

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी दादांच्या खोलीत मोठमोठे दिवे लावले होते. कॅमेरा, वायरी, चार अनोळखी माणसं. मी भरलेली डबी खिशात होती, ती मी हळूच टेबलावर ठेवली. सल्लागार खुर्ची इंच इंच सरकवत होता. दादा बाथरूममध्ये होते. आतून पाण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, चेहरा धुतायत.

दार उघडलं. दादा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले. सरळ खुर्चीत बसले. टॉवेल मांडीवर ठेवला आणि मला म्हणाले, "लाव पंखा."

मी हललोच नाही. लेकीने बटण दाबलं.

दादांचे केस उडाले. पांढरेशुभ्र, मऊ, पुढचा झुपका पार वर उभा राहिला, कानामागचे दोन्ही बाजूंना पसरले. मी जन्मात त्यांचे केस असे पाहिले नव्हते. ते एवढे आहेत हेसुद्धा मला माहीत नव्हतं. दादांनी डोळे मिटले होते आणि ते हसत होते. मला वाटलं, संपलं, डोक्यावर परिणाम झाला. मी "डॉक्टर! डॉक्टर!" ओरडायला लागलो.

सल्लागार माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडत होता. "हेच! हेच पाहिजे होतं! आजोबा, कोणतं लावलंत? किती लावलंत?"

"साबण," दादा म्हणाले.

"नाही, म्हणजे केसांना काय लावलंत?"

"साबणच. मग पाणी."

मी खुर्चीजवळ गेलो. म्हटलं, दादा, घाबरू नका, आज घाणा जरा बिघडलाय, मी परत कढईत टाकतो. तर दादा म्हणाले, "कोणत्या कढईत? सूनबाईच्या दुधाच्या पातेल्यात?"

 पंखा फिरतच होता.

"महिनाभर दुधाला पोमेडचा वास येतोय रे," दादा म्हणाले. "कारखाना चालू असता तर घरात कशाला कढवलं असतंस?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू रोज एवढ्या हौसेने डबी घेऊन येतोस. एवढा घोडा झालास, पण झाकण उघडताना तोंड अजून शाळेतल्या पोरासारखं होतं. तुला नाही कसं म्हणायचं?" मग त्यांनी टाळूवरून बोटं फिरवली. "धंदा होता तोवर लावलं. धंद्यासाठी माणूस काय काय लावतो. पण डोकं फार खाजतं रे त्याने. दुपारी तू कारखान्यात गेलास की धुऊन टाकायचो."

"दादा, मी तुमच्यासाठी येत होतो!"

"आणि मी तुझ्यासाठी बसत होतो. वाऱ्यात. त्यात तू तो नवा पंखा आणलास."

लेक आधी हसली आणि मग भिंतीकडे तोंड करून रडली. ही दारात उभी होती. ती काही बोलली नाही, त्याबद्दल मी तिचा आभारी आहे. सल्लागाराने कॅमेरेवाल्याला हळूच विचारलं, "हे सगळं आलं ना?"

मी टेबलावरची डबी उचलली आणि खाली निघून आलो.

१९ फेब्रुवारी

आज वर गेलो नाही. कशाला जाऊ? सकाळी नेहमीच्या वेळेला मात्र जाग आली. आंघोळ केली, भांग पाडला, घरभर फिरलो. ही म्हणाली, "एक तरी जागा धरून बसा, पायांत येताय." मग पेपर वाचला. बराच राग आलाय. मला फसवलं. इतकी वर्षं माझं मन राखलं आणि मला कळू दिलं नाही. असं कुणी वागतं का आपल्या माणसाशी?

२१ फेब्रुवारी

फिल्म गाजतेय. लोकांना आजोबांसारखे केस हवेत. फोनवर फोन. दादा 'साबण' म्हणतात तेवढा भाग सल्लागाराने कापलाय. पण त्याच्या मनातून तो शब्द जाईना. आज बैठकीत म्हणाला, "आपण साबणच काढला तर? संस्थापकांचा साबण. केसांवर काहीही राहत नाही, अशी जाहिरात करू." लेकीने ते लिहून घेतलं.  इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच बोलावंसं वाटलं नाही.

आजही वर गेलो नाही.

२३ फेब्रुवारी

सकाळी ही वरून चहाचा ट्रे घेऊन आली. म्हणाली, "रोज दाढी करून, कपडे घालून खुर्चीत बसतात. आज विचारत होते, तो आजारी आहे का म्हणून."

मी गेलो. हातात काही नव्हतं. जिना चढताना हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून खिशात घातले.

दादा म्हणाले, "ये." मी बसलो.  डबी नाही, घाणा नाही, मान डोलवायला काही नाही. आम्ही दोघं इतकी वर्षं रोज भेटत होतो आणि दुसऱ्या कशावर बोलायचं तेच दोघांना माहीत नव्हतं. मला भयंकर वाईट वाटलं. उठून जावं असंही वाटलं.

"चहा प्यायलास?"

"प्यायलो."

"परत घे."

 मग त्यांनी मला जवळ बोलावलं, माझं डोकं खाली वाकवलं आणि हुंगलं.

"तू अजून लावतोस?"

"लावतो."

"कुणासाठी आता?"

  दादा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले आणि बाथरूमकडे निघाले. मी धरायला गेलो तर हात झटकला. गिझर त्यांनीच लावला. स्टूल स्वतः पायाने पुढे ढकललं आणि म्हणाले, "बैस. शर्ट काढ."

मी म्हटलं, दादा, काय हे, मी आजोबा व्हायच्या वयाचा झालोय. ते म्हणाले, "तोंड बंद कर, फेस जाईल."

त्यांची बोटं फार बारीक झालीत. जोर नाही राहिला. पहिल्यांदा निघेना, म्हणून त्यांनी पुन्हा साबण लावला, मग पुन्हा. "माल मात्र घट्ट काढतोस हां," म्हणाले. मला रडू येत होतं आणि ते थांबवायची मला इच्छा नव्हती. दादांनी तांब्या भरला, माझ्या कपाळावर हात आडवा धरला.

"डोळे मीट," ते म्हणाले.

मी मिटले.